हुशार आहे, असं सांगू नका

"एवढं सोडून दुसरं काहीतरी सांगा, सर," वकील मॅडम म्हणाल्या आणि मी बोलता बोलता थांबलो.

जिल्ह्याच्या निरीक्षणगृहाच्या आवारात, लिंबाखालच्या बाकड्यावर आम्ही बसलो होतो. माझ्या मांडीवर शाळेचं जनरल रजिस्टर, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं. समन्स तेवढ्यासाठीच होतं. रजिस्टर घेऊन यायचं, नोंद दाखवायची, जन्मतारीख सांगायची आणि दुपारच्या एसटीने परत फिरायचं. पण बाल न्याय मंडळाचे एक सदस्य अजून यायचे होते आणि मॅडमना त्या मुलाबद्दल, म्हणजे त्यांचा पक्षकार आणि माझा जुना विद्यार्थी, त्याच्याबद्दल काहीतरी हवं होतं. मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, तिशीच्या आतबाहेरच्या बाई. "काहीही चालेल. वर्गात कसा होता, एखादा प्रसंग आठवतोय का," असं त्यांनी विचारलं, म्हणून मी माझ्याकडची सगळ्यांत चांगली गोष्ट काढली. पाचवीत असतानाची. साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीची टोळी गावात परत आली होती. हा पोरगा बापाच्या पावत्या कॅरीबॅगमध्ये घालून शाळेत घेऊन आला. मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीला टेकून वहीत आकडे मांडत बसला. किती टन ऊस तोडला, टनाला दर काय, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली होती, गैरहजेरीचे खाडे किती लागले. मला फक्त एवढंच विचारायला आला की दशांश चिन्ह गुणाकारात कुठं द्यायचं. दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या ओट्यावर गेला आणि तीन खाडे दोनदा लावलेत, हे वही उघडून दाखवलं. मुकादमाने पैसे काढून दिले नाहीत, पण पुढच्या उचलीत वळते करतो असं चारचौघांत कबूल केलं. ही गोष्ट मी केंद्रप्रमुखांना सांगितली आहे, विस्तार अधिकाऱ्यांना सांगितली आहे. दरवर्षी नव्या पाचवीला सांगतो.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "हे आत बोललात तर पुढचा प्रश्न काय येईल माहितेय? अकराव्या वर्षी ज्याला पैशाचा व्यवहार कळतो, समोरच्याची लबाडी कळते, कुणासमोर काय बोललं की काय होतं हेही कळतं, त्याला सोळाव्या वर्षी आपण काय करतोय ते कळत नव्हतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मुलाचं नाव लिहीत नाही. अशा मुलाची ओळख पटेल असं काही छापायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं, आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं. गावाचा तपशीलही थोडा इकडचा तिकडे केला आहे. घडलं ते असं की पोळ्याच्या रात्री मिरवणुकीत बैल पुढे कुणाचा यावरून भांडण झालं. ते मिटलंसं वाटलं आणि तासाभराने पाणंदीत पुन्हा पेटलं. पाच जणांवर गुन्हा दाखल झाला. चौघे वीस-बावीसचे, त्यांचा खटला सत्र न्यायालयात. पाचवा हा. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये चौघांची नावं आणि शेवटी 'व एक विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं अठराच्या आतलं मूल. फिर्यादीत म्हटलंय की कोयता याने आणून दिला. तो वारही त्याने केला का, यावर दोन साक्षीदारांचे दोन जबाब आहेत. शहरातली वर्तमानपत्रं कोयता म्हटलं की टोळीयुद्ध समजतात. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यावर मोजतात. तो प्रत्येक घरात दाराच्या मागे अडकवलेला असतो, धारेला फडकं गुंडाळून.

माणूस मेला आहे. एकोणीस वर्षांचा होता.

मला कायद्याचं जे काही कळतं ते त्या बाकड्यावर आणि नंतर फोनवर मॅडमकडून. तोवर माझी माहिती टीव्हीएवढीच होती. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेतला सर्वांत लहान आरोपी तीन वर्षं सुधारगृहात राहून डिसेंबर २०१५ मध्ये सुटला, तेव्हा देश खवळला होता. त्याच आठवड्यात, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घृणास्पद गुन्हा केल्याचा आरोप असेल तर त्याच्यावर सज्ञानासारखा खटला चालवता येईल, ही त्यातली नवी वाट. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी एकमत होतं, चहाही कुणीतरी स्वतःहून सांगितला होता. बाल समजायचं अठराचं वय खाली आणू नका, असं न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्येच सांगून ठेवलं होतं, पण समित्यांचे अहवाल स्टाफरूमपर्यंत पोचत नाहीत.

ही वाट उघडण्याआधी मंडळाला कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करावं लागतं. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक तरी बाई. ते तीन गोष्टी बघतात. असा गुन्हा करण्याइतकी मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम समजण्याची कुवत होती का, आणि कोणत्या परिस्थितीत गुन्हा घडला. हा खटला नव्हे, असं कायदाच बजावतो. गुन्हा केला की नाही हे अजून कुणीच ठरवलेलं नसतं. वाचायला सगळं सरळ वाटतं. आता वकिलाच्या जागी बसून बघा. मुलगा म्हणतोय, मी वार केला नाही. मग 'कोणत्या परिस्थितीत केलास' या प्रश्नाला त्याने काय उत्तर द्यायचं? मानसशास्त्रज्ञासमोर तो मोकळेपणाने बोलला तर अर्धी कबुली कागदावर आली. गप्प राहिला किंवा 'मी नव्हतोच' म्हणाला, तर पश्चात्ताप दिसत नाही असा शेरा. रडला तर त्याला परिणाम कळतात. नाही रडला तर निगरगट्ट आहे. मॅडम म्हणाल्या, "माझ्या पक्षकाराला मी सांगते तरी काय? अडाणी दिस, असं सांगू?"

गुरुग्रामच्या शाळेतलं, लहान मुलाच्या खुनाचं २०१७ चं प्रकरण आठवत असेल. सुरुवातीला बसचा कंडक्टर पकडला, त्याने कबुली दिल्याचंही पोलिसांनी जाहीर केलं, लोकांनी त्याला मनातल्या मनात फासावरही चढवलं. मग तपास सीबीआयकडे गेला आणि अकरावीतला मुलगा ताब्यात आला. त्याचं मूल्यांकन कसं झालं यावरून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १३ जुलै २०२२ च्या निकालात न्यायालयाने फेरमूल्यांकनाचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम केला आणि मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे असं सांगितलं. कायद्यात 'घेता येईल' असं आहे, त्याचा अर्थ 'घ्यावीच' असा लावला. चांगलंच झालं. पण आमच्या जिल्ह्यात मुलांच्या मनाचा डॉक्टर शोधायला निघालात तर कुठे जाल? जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी आहे. तिथे दारू सोडवायला आलेल्यांच्या रांगेत परिविक्षा अधिकारी या पोराला घेऊन उभे होते. नंबर आला, बुद्ध्यांक काढला, 'सरासरीपेक्षा किंचित अधिक' असं लिहून मिळालं. हा शेरा कुठल्याही आईला पेढे वाटावेसे वाटायला लावणारा. मॅडमनी तो वाचून कपाळाला हात लावला.

परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणी अहवालासाठी शाळेतही आले होते. भला माणूस, एकट्याकडे पाच तालुके. त्यांनी मुलाची संचयी नोंदपत्रकं मागितली आणि मी पहिली ते आठवीपर्यंतची काढून दिली. आता शिक्षकांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात, आणि चाळीस मुलांच्या आठ विषयांच्या नोंदी कुणी मनाने लिहीत नाही. तयार नोंदींची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते, त्यातल्या आळीपाळीने उतरवायच्या. या मुलाच्या पत्रकावर होतं: 'जबाबदारीने काम करतो. गटाचे नेतृत्व करतो. योग्य व अयोग्य यातील फरक सांगतो.' आणि सातवीच्या पत्रकावर, दुसऱ्या सत्रात, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात: 'कृतीच्या परिणामांचा विचार करून निर्णय घेतो.' हेच वाक्य त्या वर्षी अकरा मुलांना मिळालं होतं, त्यांतल्या एकीला तर पाटी फोडल्याबद्दल त्याच आठवड्यात उभं केलं होतं. पण तपासणी अहवालात ते अवतरणचिन्हांत गेलं. कलम १५ ची भाषा आणि आमच्या पीडीएफची भाषा इतकी जुळेल हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसणार. परिविक्षा अधिकाऱ्यांनी ते मुलाच्या भल्यासाठीच घातलं होतं.

मग मी विचार करायला लागलो की आम्ही मुलाचं कौतुक करतो म्हणजे नेमकं काय करतो. आमच्या भागात पोराची सगळ्यांत मोठी स्तुती म्हणजे 'पोक्त आहे'. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. आई, बाप, मोठी भावंडं फडावर. काही पोरं सोबत जातात, काही म्हाताऱ्यांपाशी गावात राहतात. हा दोन्हीकडे राहिलेला. फडावर असला की पहाटे चारला उठून कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, चूल पेटवणार, धाकटीला सांभाळणार, बैलांना वाढं टाकणार, वजनकाट्यावर बापाऐवजी रांगेत थांबणार. गावात असला की आजीच्या गोळ्या, रेशन, दळण. नऊ वर्षांची पोरगी भाकरी गोल करते याचे व्हिडिओ काढून आपण कौतुकाने पुढे ढकलतो. या मुलांना बाल्य नसतं असलं मोठं वाक्य मला लिहायचं नाही. त्यांना बाल्य असतं. हा पोरगा सातवीपर्यंत गोट्यांसाठी भांडायचा आणि हरला की डोळे भरून यायचे. पण ते कुणी लिहून ठेवत नाही. लिहून राहतं ते त्याने उचललेलं ओझं. आणि ज्या दिवशी त्याला लहान म्हणवून घ्यायची गरज पडते त्या दिवशी तेच ओझं पुढे येतं, की बघा, एवढं उचलत होता.

मी मॅडमना गोट्यांचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

आतली खोली कोर्टासारखी नव्हती, ते नियमच आहे. उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही, एका लांब टेबलाभोवती खुर्च्या. पोलीसही साध्या कपड्यांत. मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, केस बारीक कापलेले, मिसरूड फुटलेली, माझ्याकडे बघून उठायला गेला आणि कुणीतरी बस म्हणालं. मी सुतळी सोडली, रजिस्टर उघडलं. जन्मतारीख: १ जून २००८. प्रवेश: जून २०१४, इयत्ता पहिली. आधार: पालकांनी तोंडी सांगितल्यावरून. आता हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. कुठल्याही जुन्या सरकारी कचेरीत निवृत्तीचा समारंभ ३१ मेला का असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. शाळा जूनमध्ये उघडते, आई म्हणते सहाचा झाला असंल, आणि गुरुजी मागे सहा वर्षं मोजून १ जून टाकतात. शिक्षणहक्क कायद्याने वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि ते योग्यच आहे. नोंद माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांच्या हातची. वळणदार, खाडाखोड नाही. त्या पानावर बारापैकी नऊ मुलं १ जूनची.

पण या मुलापुरतं ते चुकीचं आहे हे उघड आहे, कारण त्याची आई सांगते तो फडात जन्मला. "तवा थंडी व्हती गुरुजी. कोपीत चुलीला पाठ लावून बसले व्हते मी." जूनमध्ये फड नसतो. म्हणजे १ जून २००८ च्या आधीची थंडी, नाहीतर नंतरची. आधीची असेल तर पोळ्याच्या रात्री तो सोळा वर्षं आठ-नऊ महिन्यांचा. नंतरची असेल तर पंधरा वर्षं आठ-नऊ महिन्यांचा, आणि सोळाच्या आतल्या मुलाला सज्ञान समजून चालवायचा प्रश्नच येत नाही. मूल्यांकन नाही, बालन्यायालय नाही, मंडळापुढेच चौकशी आणि दोषी ठरला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं. कुठली थंडी? आई म्हणते, ज्या साली पांढरा बैल फडात बसला आणि उठलाच नाही, ती. बापाच्या मते बैल मेला तेव्हा पोरगं रांगत होतं. चुलता म्हणतो दोन पांढरे बैल मेलेत, कोणता विचारता. मॅडमनी त्या कारखान्याच्या पट्ट्यातल्या तीन ग्रामपंचायतींना जन्मनोंदीसाठी पत्रं पाठवली. एकीने नोंद आढळत नाही म्हणून कळवलं, दोघींनी काहीच कळवलं नाही. कलम ९४ ची उतरंड ठरलेली आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर जन्मनोंद, आणि तीही नसेल तरच हाडांची तपासणी. हाडांना दोन वर्षं इकडेतिकडे चालतात. शाळेचा दाखला मात्र दिवसासकट बोलतो. सरकारी वकिलांनी विचारलं, ही नोंद शाळेच्या नियमित कामकाजात झालेली आहे का? हो. खाडाखोड? नाही. मॅडमनी विचारलं, त्या पानावर १ जून किती? नऊ. ती नोंद खरी आहे असं तुम्ही स्वतःच्या माहितीवरून सांगू शकता का? नाही. माझी साक्ष संपली.

शाळेच्या कागदाची ताकद दुसऱ्या बाजूनेही माहीत असावी, म्हणून पुण्यातलं १९९४ चं प्रकरण मॅडमनी मला मुद्दाम सांगितलं. एका घरातल्या पाच बायका आणि दोन मुलांचा खून. आरोपींपैकी एक राजस्थानातून आलेला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने कायम केली, २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या गावच्या, बिकानेर जिल्ह्यातल्या सरकारी शाळेची नोंद पुढे आली. नाव थोडं वेगळं, जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली आणि २७ मार्च २०२३ ला मान्य केलं की गुन्ह्याच्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. तोपर्यंत तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. बाल असल्याचा दावा कुठल्याही टप्प्यावर, शेवटच्या निकालानंतरसुद्धा करता येतो, म्हणून तो सुटला. मला यातलं एकच कळत नाही. बारा वर्षांचा पोरगा खटल्यासाठी रोज आणला जात असेल, त्याला मिसरूडही फुटलेली नसेल. त्याच्याकडे बघून एकाही माणसाच्या मनात आलं नसेल? की आलं असेल, आणि त्या सात प्रेतांपुढे ते बोलायची कुणाची छाती झाली नसेल? दुसरंच खरं असावं. आमच्या गावातही या पोराला ओळखणारे दोनशे लोक आहेत, त्याची मुंज-बारसं माहीत असलेले, आणि एकही जण साक्षीला आला नाही.

पुण्यातल्या कल्याणीनगरचा अपघात झाला मे २०२४ मध्ये, अल्पवयीन मुलाच्या महागड्या गाडीखाली दोघांचा जीव गेला तो. त्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीसह, आणि राज्यभर संताप उसळला. मलाही चीड आली होती. रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप वाचून ती वाढली. नंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, जूनमध्ये उच्च न्यायालयाने ती कोठडी बेकायदा ठरवून सोडायला सांगितलं, आणि त्याला सज्ञान समजावं हा पोलिसांचा अर्ज जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळला. आमच्या पारावर यावर फार चर्चा झाली, सगळी एकाच दिशेने. मी मॅडमना खोचकपणे विचारलं तर त्या म्हणाल्या, "सर, मला त्या मुलाला बाल समजलं याचा राग नाही येत. जामीन हा मुलांसाठी नियमच आहे. माझ्या पोरांना तेवढे वकील मिळत नाहीत, याचा येतो." घृणास्पद म्हणजे ज्याला कायद्यात किमान सात वर्षं शिक्षा आहे तोच गुन्हा, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ठरवून दिलंय. तेही दिल्लीतल्या एका अलिशान गाडीच्या अपघातातूनच आलेलं. सदोष मनुष्यवधाला तेवढी किमान शिक्षा नाही. खुनाला आहे. त्यामुळे गाडीने माणूस मारला की मूल्यांकनाच्या दारापर्यंत जायचंच कारण उरत नाही आणि कोयत्याने मेला की ते दार आपोआप उघडतं. हे कुणी मुद्दाम श्रीमंतांसाठी केलंय असं मी म्हणत नाही. पण सोळा वर्षांच्या कुणाच्या हातात काय असतं, हे घरावर ठरतं.

मेलेल्या मुलाची आई दिवाळीनंतर शाळेत आली होती. धाकट्याचा बोनाफाईड पाहिजे होता, शिष्यवृत्तीसाठी. मी कपाटातून तेच रजिस्टर काढलं, कारण ते एकच आहे. तिचा थोरलाही त्यातच, काही पानं आधी, १ जून २००५. तिने ते पान ओळखलं. वाचता येत नाही, पण ओळखलं. मग म्हणाली, "गुरुजी, तुम्ही त्याचं वय सांगायला गेलता म्हणं. माझ्या लेकाचं वय कुणी इचारलं का तुमाला?" मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. सांगण्यासारखं काही नव्हतं आणि आजही नाही. बचावाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस या बाईसमोर ज्या दिवशी सहज बसू शकेल त्या दिवशी त्याचं काहीतरी बिनसलेलं असेल, असं मला वाटतं. मॅडमना विचारलं, तुम्ही कशा बसता? त्या म्हणाल्या, मी तारखेला त्यांच्याकडे बघत नाही. प्रामाणिक उत्तर.

मंडळाने १ जून धरली आणि मूल्यांकन त्याच्या विरोधात गेलं. आदेशात बुद्ध्यांक आहे, सातवीतलं ते निळ्या शाईतलं वाक्य आहे. गोट्या नाहीत. प्रकरण बालन्यायालयात, म्हणजे आमच्याकडे सत्र न्यायालयातच, त्याच जिन्याच्या वर. इथे चौथरा आहे, पिंजराही आहे. वयाच्या मुद्द्यावर मॅडमनी अपील केलं आहे. बालन्यायालयाला कलम १९ खाली पुन्हा स्वतः ठरवायचं असतं की सज्ञानासारखा खटला खरंच हवा का, म्हणून त्या अजून आशा सोडायला तयार नाहीत. आणि सगळं हरलो तरी फाशी किंवा कधीच न सुटणारी जन्मठेप त्याला देता येत नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत सुरक्षित स्थळी ठेवायचं, मग कलम २० प्रमाणे न्यायालय बघणार की हा सुधारला का, समाजाच्या उपयोगी पडेल का. "तेव्हा तुमची ती मुकादमाची गोष्ट लागेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा तो जितका हुशार निघेल तितकं बरं. तोवर जपून ठेवा." मी हसलो नाही, त्याही नाही.

मध्येच सतरा नंबरचा फॉर्म आला. निरीक्षणगृहातल्या शिक्षिकेचा फोन होता की मुलगा दहावीला बाहेरून बसायचं म्हणतोय, गणित तर आत्ताच पास होईल, शाळा सोडल्याचा दाखला पाठवा. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी दाखला लिहायला घेतला. मग हात थांबला आणि मॅडमना फोन लावला. दाखल्यावर जी तारीख, तीच फॉर्मवर, तीच बोर्डाच्या प्रमाणपत्रावर, आणि बोर्डाचं प्रमाणपत्र म्हणजे कलम ९४ मध्ये पहिल्या रांगेचा पुरावा. त्याने स्वतः सही करून १ जून २००८ लिहून दिली की अपिलात सरकारी वकील तोच कागद वर धरणार. मी रजिस्टरबाहेरची तारीख लिहू शकत नाही, माझी नोकरी जाईल आणि दाखलाही खोटा ठरेल. फॉर्म भरला नाही तर त्याचं वर्ष जाईल, आणि एकविसाव्या वर्षी 'सुधारला का' या प्रश्नासमोर दहावीचं प्रमाणपत्र नसेल. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, अपिलाची तारीख आधी येते का बघू. शिक्षिकेला मी दाखला तयार आहे, शिक्क्याचं काम राहिलंय, असं सांगितलं आहे. नियमित शुल्काची मुदत संपली. आता विलंब शुल्काची चालू आहे, ती मीच भरणार आहे. मुलाने शिक्षिकेकडून निरोप पाठवलाय की इंग्रजीचं जुनं अपेक्षित असेल तर तेवढं पाठवा, बीजगणिताचं नको.